उंदरांच्या खोलीचं दार

कुणाच्याही घरी गेले की होशिना तोकुजी आधी दार एकदा पुढं-मागं सरकवून बघत, मग चपला काढत.

खळ शिजली की नाही हे करंगळीनं चाखून ठरवत.

भाताच्या वाडग्यात शेवटचे पाच-सहा दाणे ठेवत. ते कुणासाठी हे सगळ्या गल्लीला माहीत होतं आणि कुणालाच पटत नव्हतं.

वर उंदरांकडे जाताना निळा एप्रन. खाली मांजरांत येताना तपकिरी. मध्ये साबणानं हात, पार कोपरापर्यंत.

रेडिओवरच्या हवामानाच्या बातम्यांशी भांडत. "हवा कोरडी म्हणे. माझ्या दाराला विचार."

बहिणीच्या पहिल्या हाकेला ओ देत नसत. दुसरीला देत.

मांजरांशी बोलत नसत. दारांशी बोलत.

फेब्रुवारीच्या एकवीस तारखेला ते गेले. वय सत्त्याहत्तर. त्सुयामा गावात कागदी सरकती दारं मढवणारे ते शेवटून दुसरे. शेवटच्यांचं काम मी पाहिलेलं नाही. त्यांनी नाव सांगितलं होतं, पण सोबत "त्याचं काम बघू नकोस" असंही सांगितलं होतं.

मी त्यांना नऊ महिने ओळखत होते. मी गावच्या वाचनालयात पुस्तकं देते-घेते. गेल्या मे महिन्यात मी माझ्या भाड्याच्या खोलीतलं एक दार काखेत घेऊन त्यांच्याकडे गेले. वारा होता. वाटेत दोनदा मी दारासकट वळले. दाराच्या मधोमध मुठीएवढं भोक होतं.

"शनिवारी घरमालक बघायला येणार आहे," मी म्हटलं. "त्याआधी होईल?"

त्यांनी भोकाजवळ नाक नेलं.

"उंदीर."

"गटारातला असेल कुठला तरी."

"गटारातला खालच्या कडेला कुरतडतो. तिथं खळ जाड असते. त्याला पोट भरायचं असतं." त्यांनी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "हा मधोमध कुरतडलाय. याला भूक नव्हती. याला कंटाळा आला होता." मग माझ्याकडे बघितलं. "किती आहेत?"

"दोन."

"नावं?"

"गोमा आणि सोबा."

गोमा म्हणजे तीळ, सोबा म्हणजे कुट्टूच्या शेवया. एक काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा होता, दुसरा पिठाच्या रंगाचा.

"पाळतेस की जेवायला वाढून घेतेस?" ते म्हणाले.

दार शुक्रवारी मिळालं. भोक कुठं होतं ते मलाही सापडेना. शनिवारी घरमालकाला दार पसंत पडलं, पिंजरा नाही. सात दिवसांत उंदीर तरी बाहेर किंवा तू तरी, असं म्हणाला. मी पैसे द्यायला गेले तेव्हा हे सहज सांगितलं. तोकुजी-सान खळ ढवळत होते. ढवळणं न थांबवता म्हणाले, "वर साडेचार चटया मावतील एवढी खोली रिकामी आहे. उंदरांना. दोन आठवडे."

खळीच्या मडक्यामागून दोन मांजरं माझ्याकडे बघत होती. दाइकान, म्हणजे मुळा, नावाचा जाडा बोका, जुन्या काळच्या सुभेदारासारखा, जो फक्त पंगतीला उठायचा. आणि हाके. हाके म्हणजे खळ लावायचा रुंद ब्रश. तिची शेपटी तशी होती. ती तीन वर्षांची, सडपातळ, आणि तिला कुठल्याही गोष्टीची चौकशी केल्याशिवाय राहवत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मित्सुए-सान डबा घेऊन आल्या. तोकुजी-सान यांची धाकटी बहीण. दोन गल्ल्या पलीकडे राहतात. जिन्याखाली उभ्या राहून त्यांनी वरचा आवाज ऐकला.

"दादा, घरात उंदीर आणलेस?"

तोकुजी-सान खळ ढवळत राहिले.

"दादा."

"आणले नाहीत. आले."

"बाबांनी जन्मभर मांजरं कशाला पोसली? उंदरांपासून खळ राखायला. आणि तू त्याच घरात उंदरांना वरचा मजला दिलास. मी माहेरपणाला यायचे तेव्हा मला कधी मिळाली नाही ती खोली."

"ते कुरतडतात फक्त. बोलत नाहीत."

"उंदराच्या वर्षातला जन्म तुझा. आईनं तेव्हाच ओळखायला हवं होतं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तू ग? शिकलेली ना? मांजरांच्या घरात उंदीर पाळायचे, हे कुठल्या पुस्तकात वाचलंस?"

"तळटीपेत असेल," तोकुजी-सान म्हणाले.

दोन आठवडे झाले. मी उंदरांसाठी दुसरी जागा शोधली नाही. त्यांनीही विषय काढला नाही.

मला वाटलं होतं, ते उंदरांना सहन करतील. त्यांनी उंदरांचा अभ्यास सुरू केला. साठ वर्षं ज्यांच्याशी वैर धरलं त्यांना जवळून बघायची ही पहिलीच वेळ, असं ते म्हणाले. एका बशीत ताजी खळ, दुसऱ्या बशीत तीन वर्षं माठात मुरवलेली. गोमा ताजीकडे जाई. सोबा दोन्ही हुंगून मुरलेलीवर बसे. बशा उलटसुलट ठेवल्या तरी तेच.

"याला कळतं," ते सोबाबद्दल म्हणाले. "माझ्या हाताखाली अकरा जण शिकून गेले. दोघांनाच कळलं होतं."

एकदा मी सांगितलं की पाळीव उंदीर गुदगुल्या केल्या की हसतात. माणसाला ते ऐकू येत नाही, आवाज फार बारीक असतो. त्यांनी ब्रशनं सोबाच्या मानेवर गुदगुल्या केल्या. सोबा उताणा पडला, पळाला, परत आला, पुन्हा उताणा पडला. तोकुजी-सान यांनी कान चटईला लावला.

"मला येत नाही ऐकू."

"कुणालाच येत नाही, आजोबा."

ते कान तसाच लावून बराच वेळ पडून राहिले. मग उठून बसले. "मांजराला?"

"मांजराला येत असेल."

त्यांनी मला खाली पाठवलं. हाके जिन्याच्या वरच्या पायरीवर, बंद दारासमोर बसली होती. रोज तिथंच असायची. आम्हाला वाटे, वासानं. "आता बघ," आतून आवाज आला. हाकेचा डावा कान दाराकडे वळला आणि दोनदा थरथरला. "थांबलो," आतून आवाज. कान सरळ झाला. "पुन्हा." कान वळला.

आम्ही हे त्या दुपारी वीसेक वेळा केलं. ते इतके खूश झालेले मी आधी पाहिले नव्हते. "म्हणजे या घरात विनोद कळतो तो फक्त हिला," ते म्हणाले. "आणि हिला तो खायचा आहे."

दाराची गोष्ट अशी. पावसाळ्यात लाकूड फुगतं, सरकती दारं खाचेत जड होतात. जून-जुलै काही अडचण आली नाही. ऑक्टोबरात हवा कोरडी झाली. तोकुजी-सान यांच्या घरातलं प्रत्येक दार एका बोटानं सरकायचं. तोच त्यांचा अभिमान, आणि हाकेला एक नखही पुरत होतं. ती खांब आणि दार यांच्यामधल्या फटीत नख अडकवायची आणि अंग मागं टाकायची. एकदा तिचा खांदा आत गेला असताना त्यांनी तिला उचललं.

"कडी लावा," मी म्हटलं.

"कडी फक्त संडासाच्या सरकत्या दाराला असते."

"जड करा मग."

"वाईट सरकणारं दार मला करता येत नाही." हे त्यांनी तक्रारीसारखं म्हटलं. मग एक बांबूची काठी मापात कापली आणि जिन्याच्या बाजूनं, दार जिकडे सरकतं तिकडच्या खाचेत आडवी ठेवली. काठी असेतो दार सरकत नाही. बाहेर पडताना काठी टाकायची, आत जाताना काढायची. दोन महिने हे नीट चाललं.

अठ्ठावीस डिसेंबरला वर्षाअखेरची साफसफाई होती. एकोणतिसाला इथं कुणी शुभ काम काढत नाही, म्हणून सगळी गल्ली अठ्ठाविसालाच झाडू घेऊन बाहेर असते. मी कागद झटकत होते. मित्सुए-सान भात कुटून त्याच्या वड्या करायची तयारी करत होत्या. तोकुजी-सान दरवर्षीप्रमाणे मेणबत्तीचा तुकडा घेऊन घरातल्या सगळ्या दारांच्या खाचांना मेण घासत फिरत होते. नव्या वर्षात प्रत्येक दार पाण्यासारखं वाहायला हवं, हा त्यांच्या वडिलांचा नियम.

वरच्या दाराची खाचही त्यांनी पुसली. पुसायला काठी काढली. मेण घासलं. दार सरकवून बघितलं. सुरेख सरकलं. ते खाली आले आणि म्हणाले, "झालं."

काठी जिन्याच्या कठड्याला टेकवलेली राहिली.

हे आम्हाला दुपारी कळलं. मित्सुए-सान वर गेल्या आणि त्यांनी खालच्या आवाजात, अगदी हळू, "दादा, ये," म्हटलं. त्या पहिल्या हाकेला ते उठले.

दार वीतभर उघडं होतं. पिंजरा बंदच होता. गोमा गजांजवळ यायचा, हात दिसला की नेहमी यायचा, तसाच पंजाजवळही आला असणार. हाके पिंजऱ्याशेजारी बसून पाय चाटत होती. सोबा पिंजऱ्यातल्या लपायच्या नळीच्या टोकात होता.

डॉक्टरांनी गोमाला टाके घातले. मांजराचा पंजा लागलेला उंदीर सहसा वाचत नाही, हेही सांगितलं. गोमा एकतीस तारखेच्या सकाळी गेला. तोकुजी-सान यांनी त्याला ज्या कागदात गुंडाळलं तो कागद ते मंदिराच्या दारांसाठी राखून ठेवत. मागच्या अंगणात पुरलं. हाकेवर ते रागावले नाहीत. तिला त्या दिवशी मासाही दिला.

"तिनं काही चूक केली नाही," ते म्हणाले. "मेण मी घासलं."

"तुम्ही विसरलात, इतकंच," मी म्हटलं.

"नाही. हातानं आठवून केलं. डोकं विसरलं." ते हाताकडे बघत राहिले. "सप्टेंबरपासून असं होतंय."

मला हे ठाऊक नव्हतं. मित्सुए-सान यांना ठाऊक होतं. त्या चुलीकडे वळल्या.

नव्या वर्षाच्या चौथ्या दिवशी मी सांगायचं ठरवून गेले. सोबाला घेऊन जाते. ओकायामाला माझी मावसबहीण आहे, तिच्याकडे मांजर नाही. मित्सुए-सान म्हणाल्या, "ने बाई. याला आता स्वतःचा चष्मा राखता येत नाही."

"मार्चपर्यंत थांब," तोकुजी-सान म्हणाले. "वसंतातले पितरांचे दिवस येतात तोवर. नाही झालं तर ने."

"काय नाही झालं तर?"

"दार. कडी झाली, काठी झाली, ती लावायला माणूस लागतो, आणि माणूस हा असा. दारालाच कळायला हवं."

मी हो म्हटलं. मला बघायचं होतं.

पहिल्यांदा त्यांनी खांबाला उभी खाच पाडली, बोटाच्या पेरभर. दार बंद झालं की त्याची कड त्या खाचेत शिरेल. म्हणजे नख अडकवायला फटच नाही. माणूस दाराच्या खोलगट मुठीत बोट घालून ते सरकवू शकतो. ती मूठ मांजराच्या उंचीच्या कितीतरी वर. हे काम आठ दिवसांत झालं. मला वाटलं, प्रश्न सुटला.

"हा सोपा अर्धा," ते म्हणाले. "ती बाहेर बसणारच. आत कुणी हसतंय हे तिला ऐकू येतं. आज ना उद्या ती काहीतरी शोधून काढेल. आणि नाही काढलं तरी, मांजराला जन्मभर त्या पायरीवर बसवायचं? तिच्या कानापर्यंत काही जायलाच नको."

लोकांच्या घरची दारं ते आठ थरांची करत. त्यांच्या स्वतःच्या वरच्या खोलीचं दार तीन थरांचं होतं, चाळीस वर्षांपूर्वी घाईत केलेलं. आता त्यांनी नवा सांगाडा घेतला. काही थर पूर्ण चिकटवायचे. काहींच्या नुसत्या कडा चिकटवायच्या, म्हणजे मध्ये हवा राहते; कुठला कसा, हे ते ठरवत. आतल्या थरांना शाळेतल्या मुलांनी कुंचल्यानं अक्षरं गिरवलेले कागद. लिहिलेला कागद कोऱ्यापेक्षा दमदार असतो, असं ते म्हणत. एका मुलानं 'नदी' अकरा वेळा लिहिलं होतं आणि बाराव्या वेळी मासा काढला होता. तो कागद त्यांनी दुसऱ्या थरात मधोमध घेतला.

दरम्यान सोबा गप्प होता. ब्रश दाखवला की बाजूला सरकायचा. उताणा पडला तरी मी बाहेर बसून बघत असे, जुन्या दारासमोर: हाकेचा कान हलत नसे. तोकुजी-सान आतून विचारत, "हसला?" मी म्हणे, "नाही." रोज दुपारी चारला हेच.

जानेवारीच्या तेवीस तारखेला कान हलला.

"हलला," मी म्हटलं.

मी दार सरकवलं. ते भिंतीला टेकून बसले होते आणि सोबा त्यांच्या बाहीत शिरला होता.

"आता याला जोडीदार लागेल," ते म्हणाले. "उंदीर एकटा ठेवू नये, तूच म्हणाली होतीस. दार झालं की आण एक."

"आणि सोबा ओकायामाला?"

"दार झालं की कशाला जाईल?"

चौथ्या थरानंतर त्यांनी नवं दार तात्पुरतं बसवून बघितलं. कान हलला, पण अर्धाच. त्यांनी ते माप बोटांनी हवेत धरून ठेवलं, जसे लोक माशाची लांबी दाखवतात. मित्सुए-सान म्हणाल्या, "सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस मांजराचा कान मोजतोय. शेजारच्या काकू विचारतात दादा काय करतो हल्ली, मी सांगते संधिवात आहे."

पाचवा थर लावल्यावर ते दोन दिवस थांबले. खळ तयार होती. मी कारण विचारलं.

"दार पूर्ण झालं की हिचा कान हलणार नाही," ते म्हणाले. "मग आत तो हसतोय की नाही हे आपल्याला कसं कळणार?"

मी म्हटलं, "एखादं यंत्र मिळतं. आवाज पकडणारं."

"यंत्र," ते म्हणाले आणि वाडग्यातले भाताचे दाणे वेगळे करत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी गेले तर सहावा थर लागला होता. "तिला झोप मिळू दे," ते म्हणाले. "आपण धरून चालू की हसतो. माणसांच्या बाबतीत तसंच तर धरतो."

ही सतरा फेब्रुवारी. सहावा थर वाळायला चार दिवस, थंडी होती. एकोणिसाला सकाळी ते टोफू आणायला निघाले आणि दुकानापर्यंत पोचले नाहीत. मेंदूत रक्तस्राव. दवाखान्यात दोन दिवस. शुद्धीवर आले नाहीत. मी वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारत होते तेव्हा मित्सुए-सान यांचा फोन आला. त्या फक्त म्हणाल्या, "उंदराला कोण घालतंय खायला? मी घातलं. चार दाणे घालायचे की पाच?"

मी म्हटलं, "पाच."

अंत्यसंस्कार झाले. माणसं आली, गेली. ज्या दारांतून आली-गेली ती सगळी एका बोटानं सरकली. मी त्या दिवसांबद्दल फार सांगू शकत नाही, मला नीट आठवत नाही. हाके रोज वरच्या पायरीवर होती, एवढं आठवतं. काठी मी स्वतः टाकत होते आणि तीनतीनदा परत येऊन बघत होते.

काल मित्सुए-सान म्हणाल्या, "ते दार बघू तरी." आम्ही दोघींनी ते वाळवायच्या घोडीवरून उतरवलं आणि वर नेलं. सहा थरांचं दार, वर अजून शाळकरी अक्षरं दिसणारं. खाचेत बसवलं. मित्सुए-सान यांनी एक बोट लावलं. दार गेलं, आणि कड खांबात शिरली. त्यांनी तसंच परत उघडलं, परत बंद केलं. पाचसहा वेळा.

मी निळा एप्रन घालून आत बसले. त्या बाहेर, हाकेशेजारी. मी ब्रश घेतला. सोबा उताणा पडला, पळाला, परत आला.

"हलला का?" मी विचारलं.

सोबा पुन्हा उताणा पडला.

"मित्सुए-सान?"

"गप. बघतेय." मग म्हणाल्या, "हलला. टोकापुरता."

"किती?"

"टोकापुरता म्हटलं ना. आणखी दोन थरांचं काम आहे हे."

कागद कापून ठेवलेला आहे, बरोबर दोन थरांचा. खळीच्या मडक्यावर ओला रुमाल आहे. तो मित्सुए-सान रोज बदलत होत्या, मला न सांगता. आम्ही मडकं उघडून बघितलं. त्यांनी करंगळी घालून चाखली, मीही चाखली. दोघींना काही कळलं नाही. मी सोबाला बशीत थोडी दिली. त्यानं खाल्ली.

पण सातवा थर पूर्ण चिकटवायचा की नुसत्या कडा, हे मी कधी विचारलं नव्हतं. ते सांगताना बोट फिरवून दाखवत, आणि मी त्यांच्या बोटाकडे नाही, हाकेकडे बघत असे. पितरांचे दिवस नऊ दिवसांवर आले आहेत. दार खाली कामाच्या खोलीत परत नेऊन भिंतीला टेकवलं आहे. सहा थर झाले आहेत. दोन राहिले आहेत.